दादासमोर बसलेला मुकादम

कागदोपत्री त्याला नुसता एक नंबर होता. पण पार्सल ऑफिसच्या लांबलचक हॉलमध्ये तो एकेका खोक्यापाशी जायचा, हुंगायचा, नापसंतीनं फुसकारायचा आणि तोऱ्यात पुढं सरकायचा, ते बघून हमालांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवून टाकलं: मुकादम. काळाकुळकुळीत लॅब्राडॉर, रुंद छाती, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की ही सगळी कामं मलाच करायला लागणार, तुमच्याच्यानं काही होणार नाही.

त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक ताईच्या हातात असायचं. श्वानपथकात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. पिकलेले केस करकचून बांधलेले, बूट नेहमी घासलेले, आणि खिशात कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा. निवृत्तीला टेकली होती, तरी मुकादमाचं नाक चालू झालं की तिच्या डोळ्यांत पहिल्या दिवशीचं नवल यायचं. नव्यानं भरती झालेल्या पोरांना ती सांगायची, "आपल्याला स्वयंपाकाचा वास येतो. त्याला कांदा वेगळा येतो, मिरी वेगळी येते, तेल किती दिवसांचं आहे ते कळतं, आणि ढवळणाऱ्या बाईनं सकाळी कुठल्या साबणानं हात धुतले, तेही कळतं." पोरं हसायची. मग एक दिवस मुकादम एखाद्या जुन्या गिअरबॉक्ससमोर जाऊन बसायचा. साहेब वैतागायचे, मिस्त्री बोलावला जायचा, सकाळभर नटबोल्ट निघायचे, आणि आत दडवलेल्या ग्रीसच्या डब्यात, मेणाच्या थराखाली, प्लास्टिकच्या चार पिशव्यांच्या आत गांजाची पुडी सापडायची. तेव्हा त्याच पोरांच्या तोंडाचा आ मिटायचा नाही. ताईचाही मिटायचा नाही. इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

मुकादमाची खूण एकच होती. वास लागला की तो बसायचा. भुंकणं नाही, नखं मारणं नाही, ओढाताण नाही. शांतपणे मागचे पाय दुमडून बसायचा आणि मान वर करून बघायचा. मग ताई खिशातून गुंडाळलेला जुना टॉवेल काढायची आणि दोघं मिनिटभर तो ओढत खेळायची. त्याच्या लेखी सगळा खटाटोप त्या टॉवेलसाठी होता. पुडी कुणाची, कलम कुठलं, शिक्षा किती, याच्याशी त्या जीवाला काडीचं देणंघेणं नव्हतं.

बसलेलं कुत्रं ताईनं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती शाळेत होती आणि ते कुत्रं तिच्या सख्ख्या भावासमोर बसलं होतं.

दादा तेव्हा बस डेपोत सीट शिवायचा. फाटक्या रेक्झिनखाली नवा फोम घालून तो अशी शिवण मारायचा, की बोट फिरवलं तर टाका लागायचा नाही. डेपोतले ड्रायव्हर मुद्दाम त्याच्याकडून सीट करून घ्यायचे. कामाचा माणूस, नाकासमोर चालणारा, लग्न ठरलेला. फक्त संध्याकाळी दोन ड्रायव्हरांबरोबर डेपोच्या गच्चीवर बसून चिलीम ओढायचा आणि घरी येऊन बहिणीला गणितं समजावून सांगायचा. त्या दिवशी तो तिला मावशीकडं सोडायला निघाला होता. खांद्याला पिशवी होती. पिशवीत स्वतःसाठी आणि त्या दोघा ड्रायव्हरांसाठी मळ्यातून आणलेल्या गांजाच्या ओल्या फांद्या होत्या, देठासकट, पानासकट. पिशवी त्याचीच होती. त्यानं ते कधीही नाकारलं नाही, ना पोलिसांपुढं, ना कोर्टात, ना आईपुढं.

बस स्टँडवर तोबा गर्दी होती. तपकिरी रंगाचं एक कुत्रं रांगेच्या कडेकडेनं आलं. ट्रंका, गाठोडी, बोचकी, फळांच्या पाट्या, माणसांचे घामेजलेले पाय, सगळं ओलांडत आलं आणि दादासमोर बसलं. बाजूची माणसं अशी झटकन मागं सरली, की मधे मोकळं गोल अंगणच तयार झालं. त्यात तिघंच उरली: दादा, कुत्रं आणि तिचा हात दादाच्या हातात अडकला होता म्हणून ती. दादानं आधी तिचा हात सोडवला, मग दोन्ही हात वर केले.

या झाडाची गंमत अशी, की ताईचे आजोबा तेच उघड्यावर विकत घ्यायचे. सरकारी परवान्याचं दुकान होतं, दारावर शिक्का होता, कर होता, आणि तपासायला येणारा इन्स्पेक्टर दुकानदाराच्या बाकड्यावर बसून चहा प्यायचा. आजोबांचे गुडघे दुखायचे. रात्री दोन झुरके मारून ते झोपायचे. गावानं त्यांना कधी व्यसनी म्हटलं नाही. मग कुठंतरी दूरदेशी मोठमोठे लोक टेबलाभोवती बसले, सह्या झाल्या, आणि एका सकाळी दुकानाची फळी लागली. झाड तेच, म्हातारा तोच, गुडघेही तेच. आदल्या दिवशी ते गिऱ्हाईक होते, दुसऱ्या दिवशी गुन्हेगार. पुढं पुढाऱ्यांमध्ये कडक कोण याची चढाओढ लागली आणि कायद्याला धारच धार येत गेली. इतक्या वजनाच्या खाली असेल तर थोडक्यात सुटका, वर गेलं तर वर्षांमागून वर्षं. आणि वजन करायचं ते सापडलं तसं.

दादाच्या फांद्या ओल्या होत्या. त्याचा वकील कोर्टात म्हणाला, निदान वाळवून तरी तोला. न्यायाधीश माणूस चांगला होता. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले आणि कायद्यात वाळवण्याची तरतूद नाही म्हणून सांगितलं. पानं वाळली असती तर दादा वर्षाच्या आत घरी आला असता. ओली होती म्हणून सात वर्षं. एका उमद्या पोराची जवानी पानांतल्या पाण्याच्या वजनावर गेली, आणि त्या कोर्टातल्या कुणालाही त्यात चूक काय झाली ते दाखवता आलं नसतं, कारण सगळ्यांनी सगळं नियमानुसारच केलं होतं. डोकं तापावं ते अशाच गोष्टींनी.

आईनं त्या कुत्र्याला जन्मभर शिव्या घातल्या. ताईला मात्र ते जमेना. ती रात्री उशीत तोंड खुपसून दादासाठी रडायची आणि रडता रडता डोळ्यांपुढं ते कुत्रंच यायचं. एवढ्या गर्दीतून त्याला कसं कळलं? फळांच्या वासातून, डिझेलच्या धुरातून, पिशवीच्या जाड कापडातून ते नेमकं कसं येऊन बसलं? हे नवल तिच्या मनातून जाईना आणि त्याची तिला लाजही वाटायची. भाऊ तुरुंगात, आणि बहीण कुत्र्याच्या नाकावर भाळलेली! ती कुणाला हे बोलू शकली नाही.

मोठी झाल्यावर ती पोलिसात भरती झाली आणि श्वानपथक मागून घेतलं. आईनं त्यानंतर तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला. दादाला तिनं स्वतः जाऊन सांगितलं, भेटीच्या खोलीत, जाळीच्या अलीकडून. दादा बराच वेळ जाळीच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिला.

"त्या कुत्र्यांना खायला बरं देतात का गं?" त्यानं विचारलं.

"देतात की. माझ्यापेक्षा बरं देतात."

तो हसला. मग म्हणाला, "चिमणे, एकच सांगतो. त्याला खोटं बसायला लावू नकोस. माझ्यासमोर बसलं ते खरं होतं. पण इथं आत अशी पोरं आहेत, की त्यांच्यासमोर कुत्रं बसवलंय."

या धंद्यातली ही जुनी खोट आहे. कुत्रं माणसाचं मन वाचतं. पट्टा धरणारा हँडलर एखाद्यापाशी घटकाभर जास्त थांबला, श्वास रोखला, पट्टा नकळत ताणला, तरी कुत्र्याला वाटतं, मालकाला इथं बसायला हवंय. आणि ते बसतं. मग झडती, मग सापडलं तर वाहवा, नाही सापडलं तर कुणी विचारायला येत नाही. ताईनं पट्टा कायम सैल ठेवला. संशयित कोण आहे ते तिला आधी सांगायचं नाही, असं तिनं बजावून ठेवलं होतं. एकदा एका साहेबांनी एका पोराच्या स्कूटरकडं नुसती डोळ्यानं खूण केली. ताई म्हणाली, "साहेब, तो बसला तर सांगते. मी बसून काय उपयोग?" साहेबांना विनोद आवडला नाही आणि ताईची बदली पार्सल ऑफिसात झाली. तिथं ती सुखात होती.

पण खरं बसणंही सोपं नव्हतं. पांढऱ्या पावडरी यायच्या, गोळ्या यायच्या, त्यानं मेलेली पोरं तिनं उचललेली होती. तिथं कुत्रं बसलं की तिला बरं वाटायचं. आणि कधी कधी खाली मान घालून उभा राहायचा एखादा गवंडी, एखादा कॉलेजातला पोरगा, एखादा म्हातारा. पिशवीत नुसती पानं. कुत्र्याला यातला एकेक वास वेगळा कळायचा. कायद्याला बरीच वर्षं सगळ्यांचा एकच वास यायचा. त्या माणसांच्या बरोबर कुणाची तरी बहीण असायची. ताई तिच्याकडं बघायची नाही. घरी आल्यावर मात्र तिला जेवण जायचं नाही.

घरात दादाच होता. तो सुटून आला तेव्हा नोकरी गेली होती, ठरलेलं लग्न दुसऱ्याच्या घरात नांदत होतं, आई खंगत चालली होती. ताईनं लग्न केलं नाही; का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मागच्या खोलीत तिनं दादाला शिवणयंत्र मांडून दिलं. सोफ्याच्या गाद्या, खुर्च्यांची कव्हरं, गाड्यांच्या सीटा तो घरबसल्या शिवायचा, आणि अजूनही त्याच्या शिवणीवर टाका लागायचा नाही. ताईच्या नोकरीबद्दल तो कधी वाकडं बोलला नाही. मात्र तिचा युनिफॉर्म बाहेरच्या खोलीतच टांगलेला असायचा, घरात कुत्रं आलं नाही, आणि बस स्टँडवर दादानं परत पाऊल टाकलं नाही. परगावी जायचं म्हटलं की तो पुढच्या थांब्यापर्यंत पायपीट करून जायचा. भरल्या रस्त्यात कुणाचं कुत्रं दिसलं तर हा गडी पलीकडच्या फुटपाथवर.

गेल्या साली दादाला आजार झाला. पोटातली गाठ काढली, औषधांचे डोस झाले, जीव वाचला. पण त्या औषधांनी हातापायांच्या नसा जाळल्या. बोटांत मुंग्या नाहीत, सुया टोचायच्या. टाका घालताना हात थरथरायला लागला आणि अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या करून पाहिल्या आणि शेवटी चिठ्ठीवर जे लिहून दिलं, ते वाचून ताईनं खाली बसून घेतलं. त्याच झाडाची फुलं. वाळवलेली, डबीबंद, परवान्याच्या दुकानातून घ्यायची, छोट्या यंत्रात गरम करून वाफ हुंगायची. कायदा बदलला होता. तीन पानांची दुरुस्ती, आणि औषध म्हणून घेणाऱ्याला आता हात लावायचा नव्हता. अशा दुकानाला जागा कुठं मिळावी? बस स्टँडच्या इमारतीत, तळमजल्यावर.

औषध आणायला ताईच जायची. पहिली वाफ घेतली त्या संध्याकाळी दादा यंत्रावर जाऊन बसला आणि त्यानं एक पूर्ण खोळ शिवली. त्यावर बोट फिरवून तो नुसता बघत राहिला. ताई दारात उभी होती. या जिद्दीच्या माणसाला कशानं तरी आराम पडला, म्हणून ती देवापुढं हात जोडते तसे हात जोडून उभी राहिली, कुणापुढं ते तिचं तिलाच कळेना.

आणि याच तीन पानांनी मुकादमाची नोकरी घालवली.

श्वानपथकाच्या आवारात सगळ्या हँडलरांना बोलावलं. कुत्र्यांना शिकवणारा वस्ताद, ज्याच्या हाताखालून ताईचे आधीचेही कुत्रे तयार झाले होते, तो टेबलाच्या कडेला टेकून बोलत होता. कुत्रं बसलं तर ते पावडरीसाठी बसलं की औषधाच्या डबीसाठी, हे कोर्टात सांगता येत नाही. त्यामुळं यापुढं नवीन कुत्र्यांना या झाडाचा वास शिकवायचा नाही. ज्यांना शिकवलाय, ते सगळे घरी.

"याला तो वास विसरायला लावता येत नाही का?" ताईनं विचारलं.

वस्तादानं मान हलवली. "करून बघितलं ताई. एकाला. बसला की टॉवेल द्यायचा नाही, तोंड फिरवायचं. महिनाभरानं ते कुत्रं कशासमोरच बसेना. कोपऱ्यात तोंड करून पडायला लागलं. त्याला वाटलं, आपलं सगळंच चुकलं." मग तो खिन्नपणे हसला. "वरच्यांचं बरं असतं. त्यांनी सही केली की विसरलं. याच्या डोक्यात मी बसवलंय, ते आता मरेपर्यंत तिथंच राहणार."

निवृत्त कुत्र्यावर पहिला हक्क हँडलरचा. पण घरातल्या प्रत्येकाची राजीखुशी पाहिजे, नाही तर मुकादमाची रवानगी नदीपलीकडच्या प्रांतात. तिथं जुनाच कायदा होता. पुलाच्या अलीकडं जे दादाचं औषध, ते पुलाच्या पलीकडं गेलं की तीच सात वर्षं. तिथल्या पथकाला अशी तयार कुत्री हवीच होती. म्हणजे मुकादमानं म्हातारपणी अनोळखी माणसाबरोबर, लोखंडी पिंजऱ्यात राहून, कुणाच्या तरी दादासमोर बसत राहायचं. महिनाअखेरपर्यंत ताईनं काय ते सांगायचं होतं.

तिनं दादाला विचारलं ते स्वयंपाकघरात, पाठ करून, भांडी घासता घासता. समोरासमोर विचारायची तिची छाती झाली नाही.

नळ वाहत राहिला. शेवटी दादा म्हणाला, "कुठला? तो काळा?"

"हो."

"माझी डबी तर इथंच असते घरात. त्याला कळेल ना."

"आल्या आल्या कळेल."

"म्हणजे तो माझ्यासमोर येऊन बसणार."

ताईनं नळ बंद केला. खोटं बोलायची सवय दोघांनाही नव्हती. "हो दादा. बसणार. रोज बसणार."

दादा उठून मागच्या खोलीत गेला. यंत्राचा आवाज मात्र आला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला, "दोन दिवसांसाठी आण. बघू."

मुकादम घरात आला तो पाहणी करायलाच आल्यासारखा. बाहेरची खोली हुंगली, युनिफॉर्म हुंगून ओळख दाखवली, स्वयंपाकघराला पसंती दिली, आणि मागच्या खोलीच्या दारात त्याचं नाक एकदम वर गेलं. ताईनं पट्टा सैल सोडला. तो यंत्राशी गेला, कपाट हुंगलं, मग वळला आणि दादाच्या खुर्चीसमोर, दोन पायांच्या मधोमध, मागचे पाय दुमडून बसला. मान वर करून बघायला लागला.

दादाचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

ते तसेच राहिले. म्हाताऱ्या माणसाचे हात, बोटांच्या टोकांना सुईचे जुने घट्टे पडलेले, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीत बसून वर झालेले. ताईला ते बघवेना. ती पुढं होऊन कुत्र्याला बाजूला घ्यायला लागली, तर दादा म्हणाला, "राहू दे. राहू दे त्याला." खूप वेळानं त्यानं एक हात खाली आणला, मग दुसरा. मुकादम जागचा हलला नाही. दादानं त्याच्या डोळ्यांत बघितलं. बहुधा जन्मात पहिल्यांदाच त्यानं बसलेल्या कुत्र्याचा चेहरा पाहिला असेल. तेव्हा स्टँडवर त्यानं मान खाली घातली होती.

"चिमणे," तो म्हणाला, "याच्या डोळ्यांत राग कुठाय?"

"नाहीच मुळी. त्याला वाटतंय, त्यानं छान काम केलं. आता कुणीतरी त्याच्याशी खेळावं, एवढंच त्याचं म्हणणं आहे."

"तेव्हाचं पण असंच असेल?"

"तेव्हाचं पण असंच."

दादानं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. इतकी वर्षं तो ज्याला भीत आला, ते नुसतं खेळ मागत होतं. हे कळल्यावर माणसानं हसावं की कपाळ बडवून घ्यावं? दादानं दोन्ही केलं नाही. त्यानं हात पुढं केला, पण डोक्याला लावला नाही. हवेतच थांबवून मागं घेतला.

दोन दिवस असेच गेले. दादा खुर्चीत, समोर मुकादम. दादा ओसरीवर, समोर मुकादम. दादा आंघोळीला गेला तर दाराबाहेर मुकादम. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "भावजी, याला तुमची भारीच ओढ लागली हो!" दादा म्हणाला, "अटकेत आहे मी." वहिनी हसून गेल्या. ताईला हसू आलं नाही, कारण दादाही हसत नव्हता. त्याचा घास निम्म्यावर राहत होता, रात्री कूस बदलल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. महिना संपायला आला होता. ताईनं मनाची तयारी केली. भाऊ आधीच एकदा या कायद्याला वाहिला होता. कुत्र्यासाठी त्याला परत शिक्षा द्यायची नाही, असं तिनं ठरवलं आणि वस्तादाला फोन करायला मोबाईल हातात घेतला.

"थांब," दादा म्हणाला. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. "औषध संपत आलंय. आज मी आणतो. याला पण घेऊन जाऊ."

"दादा, दुकान स्टँडवर आहे."

"माहीत आहे मला स्टँड कुठं आहे ते."

पट्टा त्यानंच हातात घेतला. कुत्र्याचा पट्टा कसा धरतात ते त्याला ठाऊक नव्हतं. घोड्याचा लगाम धरावा तसा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. कोपऱ्यावर आल्यावर त्याची पावलं जड झाली. ताई एक पाऊल मागं चालत होती आणि तिला दादाच्या मानेवरून वाहणारा घाम दिसत होता. त्याला परत फिरावंसं वाटत होतं, हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. तो फिरला नाही. भल्याभल्यांना हातकड्यांसमोर ढेपाळताना तिनं पाहिलं होतं. एका मोकळ्या दाराकडं चालत जायला इतकं बळ लागत असेल, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

दुकानात दादानं चिठ्ठी दाखवली, डबी घेतली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. बाहेर फलाटावर गाड्या लागत होत्या, माणसं सामान ओढत धावत होती. भर गर्दीत, चहाच्या गाड्यासमोर, मुकादम थबकला, वळला आणि दादासमोर बसला.

लोकांनी बघितलं. लोकांना ते बसणं काय असतं ते ठाऊक असतं. एक बाई मुलाला घेऊन मागं सरली, मग दोन माणसं, मग चहावाल्यापाशी उभे असलेलेही कप घेऊन बाजूला झाले. मधे मोकळी जागा पडली. ताई पुढं व्हायला लागली, पण दादानं तिच्याकडं बघून मान हलवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक तरुण पोलीस पोरगी गर्दीतून वाट काढत येत होती. दादानं पट्टा मनगटात अडकवला आणि दोन्ही हात वर केले.

"अहो काका, हात कशाला वर करताय?" ती म्हणाली. "खिशात काय आहे, दाखवा."

दादानं डबी काढली. पोरीनं डबी घेतली, वरची चिठ्ठी वाचली, दादाच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि डबी परत त्याच्या हातात ठेवली.

"झाकण घट्ट लावत जा, वास येतो. जा तुम्ही."

दादा हलला नाही. "एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच. का?"

दादाचे ओठ हलले. ताईला वाटलं, आता तो सांगणार. ओल्या फांद्या, तो वजनकाटा, ते न्यायाधीश, सगळं या पोरीला सांगणार. पण पोरीचं वय तरी काय होतं! तिच्या जन्माच्या आधीच ती सात वर्षं सरकारजमा होऊन गेली होती. मागून परत मिळावं असं तिच्यापाशी काही नव्हतं. दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. ताई जागच्या जागी खिळून उभी राहिली. जगातलं सगळं नवल आपण कुत्र्याच्या नाकात पाहिलं असं ती समजत होती, आणि आता समोर हा माणूस होता: सगळं गमावून बसलेला, आणि तरी त्या पोरीवर न रागावलेला.

पोरगी गोंधळली. तिनं मुकादमाकडं बोट दाखवलं.

"हे कुत्रं कुणाचं? पथकाचं दिसतंय. इथं कसं?"

दादा खाली वाकला. त्यानं मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि या वेळी तो काढून घेतला नाही.

"आमचं आहे," तो म्हणाला. "आमच्या घरचं."